‘कडे’ की ‘कडून’? : फोनवर गिरवलेली आकाशवाट

मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकात विमानांवर लेख कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण या सुट्टीत मला एक गोष्ट कळली. आकाशात वाट चुकण्यामागचं एक मोठं कारण मराठी व्याकरणाच्या दोन छोट्या शब्दांत मावतं : ‘कडे’ आणि ‘कडून’. म्हणून हा लेख आपल्या अंकाचाच आहे, असं मी धरून चालते.

मे महिन्यात मी देवासला मावशीकडे गेले होते. देवास म्हटलं की आपल्या वर्गाला आधी फॉर्स्टर आठवतो. तो १९२१ साली देवास थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव होता, आणि त्या दिवसांवरचं त्याचं ‘द हिल ऑफ देवी’ १९५३ साली आलं. एकाच गावात पवार घराण्याच्या दोन पाती, थोरली आणि धाकटी, दोन राजे, दोन दरबार. तिकडे धारलाही पवारच. दुसरे बाजीराव पेशवे जन्मले ते धारच्या किल्ल्यात, १७७५ साली. त्यामुळे या भागात आजही घरांतून मराठी ऐकू येते, फक्त तिला माळव्याचा वास असतो. मी पोचले तर मावशीच्या शेजारीण काकूंनी विचारलं, “काय गं, काय शिकून राहिलीस?” मी म्हटलं, साहित्य. त्या म्हणाल्या, “आणि दादा विमान शिकून राहिला.”

दादा म्हणजे मावशीचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो एका फ्लाइंग स्कूलमध्ये वैमानिकाचं प्रशिक्षण घेतोय. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे किमान २०० तास उड्डाण लागतं. त्यातल्या एका तासाला जे पैसे पडतात, त्यात माझी वर्षाची फी भरून थोडे उरतील. काकांनी घर गहाण ठेवून कर्ज काढलंय. आणि मी गेले त्याच आठवड्यात दादा एका चाचणी उड्डाणात नापास होऊन घरी आला होता. पुन्हा चाचणी, त्याआधी जादा तास, म्हणजे जादा पैसे. घरात कोणी काही बोलत नव्हतं, पण जेवताना ताटांचा आवाज फार यायचा.

चूक काय झाली, हे त्याने मला गच्चीवर, हातात फोन घेऊन समजावलं. पुढचं सगळं त्या आठ-दहा संध्याकाळींमध्ये मी शिकले ते आहे.

दीपस्तंभ इंदूरला

विमानातून खाली पाहून रस्ता ओळखता येतो, पण ढगात किंवा रात्री येत नाही. मग जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांचा आधार घ्यायचा. त्यातलं सगळ्यांत जास्त वापरलं गेलेलं केंद्र म्हणजे व्हीओआर. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर असं केंद्र आहे.

ते कसं चालतं? कल्पना करा, इंदूरच्या विमानतळावर एक उंच दीपस्तंभ आहे. त्याचा झोत गोल फिरतो, आणि एक फेरी बरोबर ३६ सेकंदांत पूर्ण करतो. म्हणजे दर सेकंदाला १० अंश. शिवाय झोत बरोबर उत्तरेला आला की एक दिवा सगळ्या दिशांना एकदम लुकलुकतो. आता तुम्ही देवासच्या गच्चीवर उभे आहात. दिवा लुकलुकला की मोजायला सुरुवात करायची. साडेचार सेकंदांनी झोत तुमच्या डोळ्यांवर आला, तर तुम्ही इंदूरपासून ४५ अंशांवर, म्हणजे ईशान्येला आहात. हेच धारच्या किल्ल्यावर उभं राहून मोजलं, तर साडेपंचवीस सेकंद लागतील. म्हणजे २५५ अंश : पश्चिम, जराशी दक्षिणेकडे झुकलेली.

व्हीओआर हेच रेडिओ लहरींनी करतं, फक्त सेकंदाला ३० फेऱ्या या वेगाने. एक संकेत सगळीकडे सारखा जातो, दुसरा फिरता असतो. विमानातलं यंत्र दोघांमधला फरक मोजतं आणि सांगतं, तू केंद्राच्या कुठल्या दिशेला आहेस. कुमार गंधर्व ज्या गावात १९४८ पासून शेवटपर्यंत राहिले, त्या गावात बसून मला सुचलेली उपमा अशी : एक संकेत म्हणजे तंबोऱ्याचा स्थिर षड्ज, आणि दुसरा म्हणजे फिरणारा सूर. सूर कुठे लागलाय, हे षड्जाशी ताडूनच कळतं. एकटा सूर काहीच सांगत नाही.

केंद्रातून निघणाऱ्या या ३६० रेषांना रेडिअल म्हणतात. नकाशावर मोजलं, तर देवास इंदूर विमानतळाच्या साधारण ४५च्या रेडिअलवर, २० नॉटिकल मैलांवर येतं. धार साधारण २५५च्या रेडिअलवर, २८ मैलांच्या थोडं पुढे. (नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.) हे अंतर सांगणारं यंत्र वेगळं, डीएमई. विमान एक हाक देतं, जमिनीवरचं केंद्र उत्तर देतं, आणि हाक-उत्तरामध्ये गेलेल्या वेळावरून अंतर निघतं. गंमत म्हणजे हे अंतर तिरकं असतं. बरोबर केंद्राच्या डोक्यावर, सहा हजार फुटांवरून जाताना ते शून्य दाखवत नाही, एक मैल दाखवतं.

दिशा आणि अंतर दोन्ही कळलं की ठिकाण कळलं. इथवर सगळं सोपं आहे. म्हणूनच फसायला होतं.

एक शब्द, चार अर्थ

मराठीत आपण सगळ्यालाच ‘दिशा’ म्हणतो. विमानात त्याने काम भागत नाही. विमानाचं नाक जिकडे आहे ते हेडिंग. जमिनीवर त्याची जी वाट उमटते तो ट्रॅक. आपल्याला जी वाट धरायची आहे तो कोर्स. आणि केंद्रापासून आपण ज्या रेषेवर आहोत तो रेडिअल. वारा असेल तर हे चारही आकडे वेगवेगळे असू शकतात. पहिले दोन दिवस मी दादाला सारखी अडवत होते, “कुठली दिशा म्हणतोयस?” तो म्हणाला, “बघ, हाच प्रश्न विचारायचा असतो. आम्ही विचारत नाही, म्हणून चुकतो.”

आता यंत्र बघू. समोर एक गोल तबकडी. खाली एक बटण, ओबीएस. ते फिरवून हवा तो कोर्स लावायचा. मध्ये उभी सुई. सुई मधोमध असेल तर आपण वाटेवर आहोत. डावीकडे गेली असेल तर वाट डावीकडे आहे, म्हणजे डावीकडे वळायचं. प्रत्येक बाजूला ठिपके, एक ठिपका म्हणजे २ अंश. हे अंश लक्षात ठेवायचे, मैल नाही. ६० मैलांवर एक अंश म्हणजे एक मैल. म्हणून धारच्या डोक्यावर एक ठिपका चुकलात, तर तुम्ही वाटेपासून जवळजवळ पावणेदोन किलोमीटर बाजूला आहात. तोच एक ठिपका देवासवर सव्वा किलोमीटरच होतो. आणि इंदूरच्या अगदी जवळ सुई इतकी चपळ होते की तिच्या मागे धावण्यात अर्थ नसतो.

आणि एक छोटी खिडकी. तिच्यात दोनच शब्द येतात : टू किंवा फ्रॉम. ‘कडे’ किंवा ‘कडून’.

दादाची चूक

देवासहून धारला इंदूरवरून जायचं आहे असं समजा. देवास ४५ वर आहे, म्हणून इंदूरकडे जाण्याचा कोर्स त्याच्या बरोबर उलटा : ४५ अधिक १८०, म्हणजे २२५. बटणावर २२५ लावलं, नाक २२५ला, खिडकीत ‘कडे’. इंदूरच्या डोक्यावर आलो की सुई भिरभिरते, खिडकी क्षणभर रिकामी होते आणि मग ‘कडून’ येतं. आता उजवीकडे ३० अंश वळायचं, बटणावर २५५ लावायचं, आणि ‘इंदूरकडून’ धारला निघायचं. शंभर नॉटच्या वेगाने, वारा नसेल तर, सगळा प्रवास अर्ध्या तासात होतो.

परत येताना? धारहून इंदूरकडे यायचं तर कोर्स ७५. इथेच दादा फसला होता. ठिकाणं वेगळी होती, पण चूक हीच. विमान वळवलं, नाक ७५कडे आलं, पण बटण २५५वरच राहिलं. सुई दिसते, खिडकीत ‘कडून’ असतं, सगळं जिवंत वाटतं. पण यंत्र अजून २५५कडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या डाव्या-उजव्याबद्दल बोलतंय. त्याचं डावं म्हणजे आता तुमचं उजवं. सुई डावीकडे गेली म्हणून तुम्ही डावीकडे वळता, आणि वाटेपासून आणखी लांब जाता. सुई अजून डावीकडे जाते. तुम्ही अजून वळता. दादाने असं तीनदा केलं. मग परीक्षकाने नियंत्रण स्वतःच्या हातात घेतलं.

लक्षात घ्या, यंत्राला विमानाचं नाक कुठे आहे हे मुळीच माहीत नसतं. ते फक्त तुम्ही लावलेला कोर्स आणि तुम्ही असलेली जागा यांचं नातं सांगतं. नाकाचा हिशोब तुमचा तुम्ही ठेवायचा. ‘इंदूरकडे’ जाताना खिडकीत ‘कडून’ दिसलं, की सुईकडे बघणं सोडून आधी बटणाकडे बघायचं. एवढंच. वाक्यात शब्दयोगी अव्यय चुकलं की अर्थ उलटतो, तसं.

फोन कामाला कसा येतो

ही चूक विमानात सुधारायची तर एकेक मिनिट पैशाचं. फोनवर ती शंभरदा करून बघता येते. दादाच्या फोनवर तीन तऱ्हेची अ‍ॅप्स होती. पहिल्या तऱ्हेत नुसती तबकडी आणि एक नकाशा : विमान बोटाने हलवायचं आणि सुई काय करते ते पाहायचं. दुसऱ्या तऱ्हेत पूर्ण उड्डाण, जसं एक्स-प्लेन किंवा इन्फिनिट फ्लाइट. तिसऱ्या तऱ्हेत नुसते प्रश्न आणि मोर्स संकेत ओळखण्याचा सराव. आम्ही आमच्यासाठी एक शिस्त ठरवली. कुणाला उपयोगी पडेल म्हणून इथे देते.

एक, आधी कागद. फोन हातात घेण्यापूर्वी वहीत इंदूर, देवास, धार काढायचं, रेडिअल आखायचे आणि सुई कुठे असेल ते आधी लिहून ठेवायचं. मग अ‍ॅपमध्ये पडताळायचं. उलट केलं तर अ‍ॅप शिकतं, आपण नाही.

दोन, नकाशा झाकायचा. बहुतेक अ‍ॅप्स नकाशावर विमानाचं चित्र दाखवतात, आणि डोळा तिकडेच जातो. मी त्यावर मावशीच्या पोस्टकार्डाचा तुकडा धरायचे. दादाने फक्त सुई आणि खिडकी पाहून सांगायचं, “मी धार आणि इंदूरच्या मध्ये, वाटेच्या दक्षिणेला.” मग मी पोस्टकार्ड काढायचे.

तीन, ओळख पटवल्याशिवाय विश्वास नाही. प्रत्येक केंद्र स्वतःचं नाव मोर्समध्ये सतत सांगत असतं. आकडा बरोबर लावला तरी ते नाव कानांनी ऐकायचं. केंद्र दुरुस्तीत असेल तर ते नाव येत नाही, आणि सुई मात्र उगाच काहीतरी दाखवू शकते. मेंढपाळाचा आवाज ओळखण्याचा दाखला दर वर्षी चर्चमध्ये ऐकणाऱ्या मला हा नियम एकदम पटला. घाईत दादा हेच टाळायचा, कारण फोनचा आवाज बंद असायचा.

चार, वारा चालू ठेवायचा. अ‍ॅप उघडतं तेव्हा वारा बहुधा शून्य असतो, आणि शून्य वाऱ्यात सगळेच हुशार असतात. समजा, इंदूरहून धारला जाताना वायव्येकडून, ३१५ अंशांवरून, २० नॉटचा वारा आहे. नाक सरळ २५५ला धरलं तर विमान दक्षिणेकडे ढकललं जाणार. नाक साधारण २६५ला धरलं तर वाट २५५ राहते. आणि वारा थोडा समोरूनही असल्यामुळे सतरा मिनिटांचा पल्ला एकोणीस मिनिटांवर जातो. धार जिल्ह्याच्या दक्षिणेकडून नर्मदा वाहते. तिथला नावाडी पलीकडच्या घाटावर पोचण्यासाठी नाव प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोखतो. तेच हे.

नावाड्याचं हे शहाणपण एडीएफ नावाच्या जुन्या यंत्रात जास्तच लागतं. त्याची सुई फक्त केंद्राकडे बोट दाखवते, बाकी काही सांगत नाही. वाऱ्यात नाक सतत तिच्याकडे ठेवलं, तर विमान पोचतं, पण मोठा वळसा घालून.

पाच, थांबवायचं नाही. अ‍ॅपमध्ये पॉजचं बटण असतं, आकाशात नसतं. गोंधळ झाला तरी मोठ्याने बोलत राहायचं : मी कुठे, वाट कुठे, कडे की कडून. काका खालून विचारायचे, “हे कोणाशी बोलतायत?” मावशी म्हणायची, “इंदूरशी.”

फोन काय देऊ शकत नाही

दादाच्या मनात फोनबद्दल आंधळी भक्ती नव्हती, ते बरं होतं. अ‍ॅपवर घालवलेला एकही तास परवान्यासाठी धरला जात नाही. सिम्युलेटरचे तास मर्यादेत धरतात, पण ते डीजीसीएची मान्यता असलेल्या यंत्रावरचे. फोनमधली केंद्रं आणि त्यांचे आकडे जुने असू शकतात, खऱ्या उड्डाणाला अधिकृत ताजे तक्तेच लागतात. फोनमध्ये विमान हलत नाही, पोटात कालवत नाही, नियंत्रण कक्ष मध्येच बोलत नाही. आणि एक धोका असा की चुकीची सवयही फोनवर तितकीच पक्की होते. म्हणून दादा रोजच्या चुका वहीत लिहून आपल्या प्रशिक्षकाला दाखवायचा. ती वही फोनपेक्षा महत्त्वाची होती, असं मला वाटतं.

मी एकदा विचारलं, “जीपीएस असताना हे सगळं कशाला?” त्याचं उत्तर मला नंतर वर्तमानपत्रांतही सापडलं. उपग्रहाचा संकेत फार क्षीण असतो. तो दाबता येतो, आणि खोटा संकेतही पाठवता येतो. डीजीसीएने नोव्हेंबर २०२३मध्ये याबद्दल विमान कंपन्यांना सूचना दिल्या. नोव्हेंबर २०२५मध्ये दिल्ली विमानतळाजवळ असे प्रकार घडले. उपग्रहाच्या आधाराने उतरणाऱ्या काही विमानांना पर्यायी पद्धत वापरावी लागली. जमिनीवरच्या जुन्या केंद्रांचं किमान जाळं याचसाठी चालू ठेवलं जातं, असं सरकारने संसदेत सांगितलं. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून जुहूला टपाल घेऊन आले, तेव्हा त्यांच्याजवळ रेडिओही नव्हता. त्यानंतरच्या पिढ्यांनी जे मिळवलं ते एका उपग्रहाच्या भरवशावर विसरून चालणार नाही.

देवासच्या गच्चीवरून संध्याकाळी दक्षिणेच्या अंगाला इंदूरला उतरणाऱ्या विमानांचे दिवे दिसतात. तिथल्या धावपट्टीला एका टोकाकडून ०७ आणि दुसऱ्या टोकाकडून २५ म्हणतात, म्हणजे ७० आणि २५० अंशांच्या जवळपास. पूर्वी मला ते नुसते दिवे होते. आता मी मनात म्हणते, हा पूर्वेकडून येतोय, नाक २५०च्या आसपास, म्हणजे धावपट्टी २५. दादा म्हणतो, “बरोबर. पण वारा?” वारा मी अजून विसरते.

ऑगस्टमध्ये दादाची पुन्हा चाचणी झाली. त्या दिवशी मी कॉलेजच्या वाचनालयात फोन उलटा ठेवून बसले होते. चार वाजता त्याचा मेसेज आला, तीनच शब्दांचा : “बटण आधी फिरवलं.” मी मावशीला फोन केला, तर ती आधीच रडत होती आणि मागून काका कोणाला तरी पोहे आणायला सांगत होते.

वर्ज आहे ते अजून बरंच आहे. २०० तास पुरे व्हायचेत, कर्ज फिटायचंय, नोकरीचा तर पत्ताच नाही. पण माझ्यापुरतं सांगायचं तर, आता लिहितानाही एखादं वाक्य जितकं ओढावं तितकं बाजूला जायला लागलं, की मी वाक्य ओढणं थांबवते. मी कशाकडे निघाले होते आणि कशाकडून, ते आधी बघते. बहुतेक वेळा बटण मागच्याच परिच्छेदावर राहिलेलं असतं.